विंटेज स्पीडस्टर मोटारींची भ्रमंती

विंटेज स्पीडस्टर मोटारींची भ्रमंती म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत बनलेल्या, दोन आसनी, उघड्या आणि हलक्या बांध्याच्या मोटारी त्यांच्या मूळ यंत्ररचनेत फारसा बदल न करता रस्त्यावर आरामात चालविण्याचा छंद होय. या छंदात शर्यत नसते, बक्षिसासाठी गाडीला आरशासारखी झळाळी देण्याचाही अट्टाहास नसतो. गाडी चालू स्थितीत ठेवणे, ती ज्या वेगासाठी बनली त्याच वेगाने चालविणे आणि ती चालविण्याची जुनी रीत हाताला-पायाला ठाऊक ठेवणे एवढाच त्याचा हेतू असतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हा छंद १९३० च्या दशकापासून संघटित स्वरूपात आहे. भारतात, विशेषतः मुंबई-पुणे परिसरात, तो मुख्यतः विंटेज मोटारींच्या रॅलींच्या रूपाने दिसतो. २०२१ पासून भारतात अशा वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम लागू झाले. त्यामुळे 'मूळ स्वरूप' म्हणजे काय आणि अशी गाडी केवळ हौसेखातर रस्त्यावर काढता येते काय, हे दोन प्रश्न या छंदाच्या केंद्रस्थानी आले आहेत.

संज्ञा

मराठीत जुन्या मोटारीला सरसकट 'खटारा' म्हणण्याची पद्धत आहे. विंटेज या शब्दाला मात्र निश्चित अर्थ आहेत, आणि ते एकाहून अधिक आहेत. ब्रिटनमधील व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब या १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या व्याख्येनुसार १९१९ च्या आरंभापासून १९३० च्या अखेरीपर्यंत बनलेल्या गाड्या विंटेज ठरतात. त्याआधीच्या गाड्यांना तेथे व्हेटरन आणि एडवर्डियन अशी नावे आहेत. भारतातील बोलीभाषेत दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या सर्वच गाड्यांना विंटेज म्हटले जाते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिवाच्या व्याख्येत गाडी किमान तीस वर्षे जुनी, ऐतिहासिक दृष्ट्या योग्य स्थितीत जतन केलेली आणि रोजच्या ये-जा करण्याच्या उपयोगात नसलेली असावी लागते.

भारतीय नियमांत ही मर्यादा पन्नास वर्षांची आहे आणि ती दरवर्षी पुढे सरकते. त्यामुळे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६० च्या दशकात बाहेर पडलेली फियाट ११०० आज कायद्याने विंटेज ठरू शकते. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तिच्या खाजगी वापरातील थोरल्या बहिणी त्याच सुमारास वयाने या वर्गात येऊ लागल्या, हा योगायोग लक्षणीय आहे.

स्पीडस्टर हे गाडीच्या बांध्याचे नाव आहे. १९१० च्या आसपास अमेरिकेत रनअबाउट, रेसअबाउट आणि स्पीडस्टर हे शब्द थोड्याफार फरकाने एकाच प्रकारच्या गाडीसाठी वापरात होते. दारे नाहीत, छप्पर नाही, दोन खोलगट आसने, त्यांच्या पाठीमागे आडवी नळकांड्यासारखी पेट्रोलची टाकी, तिच्यामागे बांधलेली जादा चाके आणि फार तर चालकासमोर एक वाटोळी काच, असे तिचे रूप असे. पुढे १९२० च्या दशकात होडीच्या टोकाप्रमाणे निमुळती होत गेलेली मागची बाजू प्रचारात आली. ऑबर्न कंपनीचे १९२८ नंतरचे स्पीडस्टर या घाटासाठी प्रसिद्ध आहेत.

उगम

मर्सर कंपनीची रेसअबाउट आणि स्टुट्झ कंपनीची बेअरकॅट या दोन गाड्या या प्रकाराच्या मेरुमणी मानल्या जातात. त्या शर्यतीच्या गाडीला दिवे आणि चिखलफळ्या बसवून विकल्यासारख्या होत्या आणि त्यांची किंमत श्रीमंतांनाच परवडणारी होती. सामान्य माणसाचा स्पीडस्टर निराळ्या वाटेने आला. हेन्री फोर्ड यांनी ऑक्टोबर १९०८ मध्ये बाजारात आणलेल्या मॉडेल टी या गाडीचे उत्पादन मे १९२७ पर्यंत चालले आणि या काळात दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. आरंभी टूरिंग गाडीची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ मध्ये रनअबाउट २६० डॉलरला मिळू लागली. जुन्या टी गाड्या कवडीमोल झाल्यावर तरुण मंडळी त्यांचा मूळ पत्र्याचा सांगाडा उतरवीत, टपालाने मागविलेला किंवा गावच्या लोहाराकडून बनवून घेतलेला हलका सांगाडा चढवीत आणि गाडीला स्पीडस्टर म्हणू लागत. वजन कमी झाल्याने इंजिनाला हात न लावताही वेग वाढे. काही जण लुई शेव्हरोले व त्यांच्या भावांनी बनविलेले फ्रॉन्टेनॅक सिलिंडर हेड बसवून ही गाडी खऱ्याखुऱ्या शर्यतीत उतरवीत, पण असे थोडेच.

म्हणजे स्पीडस्टर ही जात मुळातच बदलातून जन्मलेली आहे. मर्सर किंवा ऑबर्नसारखे अपवाद सोडले, तर बहुसंख्य स्पीडस्टर कारखान्यातून त्या रूपात कधीच बाहेर पडले नव्हते. आजच्या कायदेशीर गुंतागुंतीचे मूळ येथे आहे.

मॉडेल टी चालविण्याची रीत

या छंदातील पुष्कळसा आनंद चालविण्याच्या रीतीत आहे. म्हणून टी गाडीची रीत येथे तपशिलाने देणे उचित ठरते. आज मोटार चालविणाऱ्याला या गाडीत बसविले, तर त्याचे सगळे शिक्षण उलटे पडते.

गाडीत तीन पेडल असतात, पण त्यांपैकी एकही ॲक्सिलरेटर नसतो. डावे पेडल पूर्ण दाबले की पहिला, म्हणजे हळू गियर लागतो. ते अर्धे दाबून धरले की गाडी न्यूट्रलमध्ये राहते आणि हँडब्रेकचा दांडा पुढे असताना पाय पूर्ण उचलला की दुसरा, वेगाचा गियर लागतो. मधले पेडल गाडी मागे नेण्याचे. उजवे पेडल ब्रेकचे. इंधन कमी-जास्त करण्याची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला आणि ठिणगी लवकर की उशिरा पडावी हे ठरविणारी दांडी डाव्या बाजूला असते. चालक या दोन दांड्या बोटांनी सतत सारत असतो. चढ आला, इंजिनाचा आवाज जड झाला की ठिणगी मागे घ्यायची, सपाटी आली की पुढे करायची. हे काम आजच्या गाडीत संगणक करतो. तेव्हा ते कानाने करावे लागे.

सुरुवात हँडल मारून होते. मराठीत 'हँडल मारणे' हा शब्दप्रयोग ट्रक आणि एसटीच्या जुन्या चालकांच्या तोंडी आजही आहे. ठिणगीची दांडी आधी पूर्ण मागे घेतलेली असावी लागते. ती पुढे राहिली तर इंजिन उलट उसळी घेते आणि हँडल चालकाच्या मनगटावर आदळते. म्हणून अंगठा दांड्याला वेढा न घालता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही, असा दंडक आहे. हा दंडक न पाळल्याने त्या काळी अनेकांचे हात मोडले. १९१९ पासून या गाडीला विजेचा स्टार्टर मिळू लागला, तरी पुष्कळ हौशी चालक हँडलच पसंत करतात.

ब्रेक हा या गाडीचा सर्वांत नाजूक भाग होय. पुढच्या चाकांना ब्रेक नाहीतच. पायाचा ब्रेक चाकांवर न चालता गियरच्या पेटीतील ढोलावर आवळल्या जाणाऱ्या पट्ट्यावर चालतो आणि त्याचा जोर मागच्या आसावाटे चाकांपर्यंत पोहोचतो. आसातील एखादी चावी तुटली की हा ब्रेक निरुपयोगी होतो. मग उरतो तो मागच्या चाकांवर चालणारा हँडब्रेक, आणि त्याची ताकद बेताची. उतारावर अनुभवी चालक एकच पट्टा तापून जळू नये म्हणून पहिला गियर, मागे जाण्याचे पेडल आणि ब्रेक ही तिन्ही पेडले आलटून पालटून दाबतो. पुढच्या वाहनापासून आजच्या सवयीच्या कित्येक पट अंतर राखणे हाच या गाडीचा खरा ब्रेक आहे.

इंजिनाची क्षमता सुमारे २.९ लिटर आणि शक्ती अवघी वीस अश्वशक्ती. सपाट रस्त्यावर ही गाडी ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, पण ती सुखाने चालते ती पन्नासच्या आत. पाणी फिरविण्यासाठी पंप नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व निवलेले खाली उतरते, एवढ्याच तत्त्वावर रेडिएटर चालतो. पेट्रोलही पंपाविना, उताराने कार्ब्युरेटरपर्यंत येते. टाकी अर्धवट असताना तीव्र चढ लागला की इंधन पोहोचत नाही. म्हणून टी गाड्या घाट उलट्या, म्हणजे रिव्हर्समध्ये चढत असल्याच्या हकिकती सांगितल्या जातात, आणि त्या खऱ्या आहेत. स्पीडस्टर करताना टाकी आसनामागे नेली जाते. त्यामुळे चढावरची ही अडचण आणखी वाढते. काही स्पीडस्टर गाड्यांत त्यावर उपाय म्हणून हातपंपाने टाकीत हवेचा दाब भरण्याची सोय असे आणि ते काम शेजारी बसणाऱ्याकडे असे.

टी खेरीज त्या काळच्या इतर बहुतेक गाड्यांना दातांचे, सिंक्रोमेश नसलेले गियर असत. सिंक्रोमेशचा प्रथम वापर कॅडिलॅकने १९२८ मध्ये केला. त्यापूर्वीच्या गाडीत गियर बदलताना दोनदा क्लच दाबून मध्ये इंजिनाचा वेग जुळवून घ्यावा लागतो. या 'डबल क्लच'ची कला महाराष्ट्रातील जुन्या ट्रकचालकांना उत्तम अवगत होती. विंटेज गाडी शिकू पाहणाऱ्याला असा चालक गुरू म्हणून भेटला, तर पुस्तकाची गरज पडत नाही.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

भारतात मोटारींची जुळणी प्रथम मुंबईत सुरू झाली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. फोर्डच्या कॅनडातील शाखेची भारतीय कंपनीही मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे गाड्या जोडीत असे. ब्रिटिश साम्राज्यातील देशांना फोर्डच्या उजव्या हाताच्या गाड्या प्रामुख्याने कॅनडातून पुरविल्या जात. भारतात उरलेल्या अनेक टी गाड्यांचा उगम त्यामुळे अमेरिकेत नसून कॅनडात आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारने देशी उत्पादनाचा आग्रह धरल्यावर दोन्ही कंपन्यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात येथील काम आवरले. तोवर सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात उभी राहिली होती.

संस्थानिक आणि मोठे व्यापारी बऱ्याचदा केवळ चॅसी आयात करीत आणि तिच्यावर येथील कारागिरांकडून बांधा चढवून घेत. कलकत्त्याची स्टुअर्ट आणि मद्रासची सिम्प्सन या पेढ्या या कामासाठी नावाजलेल्या होत्या. त्यामुळे भारतीय गाडीच्या बाबतीत 'मूळ बांधा' हा शब्द जपून वापरावा लागतो. एकाच चॅसीवर आधी टूरिंग, मग शिकारीची गाडी आणि शेवटी मालवाहू टपरी असे तीन बांधे चढल्याचीही शक्यता असते, आणि ते तिन्ही आपापल्या परीने अस्सल असतात. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल नियंत्रित झाल्यावर अनेक गाड्यांना कोळशाच्या वायूची भट्टी जोडली गेली. युद्ध संपल्यावर ती उतरविण्यात आली, तरी तिच्या खुणा काही चॅसींवर राहून गेल्या.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे मोटारीचा प्रसार खाजगी गाड्यांपेक्षा बसमधून अधिक झाला. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी आरंभ केला होता. जालना, औरंगाबाद या शहरांना १९०० मध्येच मनमाड-सिकंदराबाद रेल्वेने जोडले गेले असल्याने लांबच्या प्रवासासाठी श्रीमंत माणूसही रेल्वेच धरी. स्पीडस्टरसारखी चैनीची गाडी बाळगण्याइतकी मोटारसंस्कृती तेथे रुजली नाही.

जुन्या गाड्यांकडे वारसा म्हणून पाहण्याची सुरुवात भारतात द स्टेट्समन या वृत्तपत्राने केली. त्याची रॅली दिल्लीत १९६४ पासून आणि कलकत्त्यात १९६८ पासून होऊ लागली. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था आणि १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन यांनी हा वारसा पुढे नेला. मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांचा विशाल संग्रह अहमदाबादजवळ कठवाडा येथे संग्रहालयाच्या रूपाने लोकांसमोर आला. सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनात मात्र जुन्या उघड्या गाडीची प्रतिमा कोरली ती 'चलती का नाम गाडी' (१९५८) या चित्रपटातील शेव्हरोलेने. ब्रिटनमध्ये 'जेनेव्हिव्ह' (१९५३) या चित्रपटाने जे केले, तेच काम तिने येथे केले, असे म्हणता येईल.

'बहुतांशी मूळ' या संकल्पनेचा अर्थ

हौशी मंडळींत गाडीचे तीन वर्ग ढोबळमानाने मानले जातात. पूर्णतः मूळ, बहुतांशी मूळ आणि बदललेली. गॅरेजच्या भाषेत 'कंपनी फिटिंग' असलेली गाडी पहिल्या वर्गातली. तिसऱ्या वर्गातल्या गाडीत जुन्या पत्र्याखाली आधुनिक इंजिन दडलेले असते आणि बाहेरून ते दिसत नाही. जाणकार अशा गाडीला मानत नाहीत. अमेरिकेतील माँटाना ५०० या टी गाड्यांच्या दीर्घ पल्ल्याच्या स्पर्धेत तर यंत्र मूळचेच असावे असा कडक नियम आहे.

भ्रमंतीची गाडी सहसा मधल्या वर्गात मोडते. इंजिन, गियर, आस आणि चॅसी मूळची. पण मागच्या चाकांना जादा ब्रेक, रेडिएटरला पाण्याचा पंप, मागून येणाऱ्याला दिसेल असा लाल दिवा आणि वळण्याचे इंडिकेटर, असे काही बदल सुरक्षिततेसाठी केलेले असतात. टी गाडीसाठी जादा ब्रेक आणि दोन वेगांचा रक्स्टेल आस हे तर १९२० च्या दशकातच सुटे विकले जात होते. ते बसविल्याने गाडी बाटली असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. या बाबतीत एक साधी कसोटी उपयोगी पडते: केलेला बदल पान्याने उलगडून गाडी पूर्ववत करता येते काय? जोड वेल्डिंगचा असेल किंवा चॅसी कापली असेल, तर उत्तर नकारार्थी येते.

सुटे भाग हा भारतात कायमचा प्रश्न आहे. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार येथे कधीकाळी पुष्कळ माल मिळे. आता बरेचसे भाग परदेशातून मागवावे लागतात किंवा लेथवर खरादून घ्यावे लागतात. इंजिनातील बेअरिंगसाठी व्हाइट मेटल वितळवून ओतण्याचे आणि मग हाताने खरवडून बसविण्याचे काम जाणणारे मिस्त्री दुर्मीळ होत चालले आहेत. या छंदाची खरी निकड गाड्यांपेक्षा या कारागिरांची आहे.

कायदेशीर स्थिती

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चॅसी, बांधा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना त्या लागू आहेत. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे टिकते. पुनर्नोंदणीचे शुल्क पाच हजार रुपये आहे. नोंदणी क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. ज्यांची नोंदणी आधीपासून चालू आहे, त्यांना आपला जुना क्रमांक ठेवता येतो. ही सवलत मोलाची आहे, कारण जुना क्रमांक हा गाडीच्या चरित्राचाच भाग असतो.

या नियमांनी जुन्या गाड्यांना भंगारात जाण्यापासून संरक्षण दिले, हे निर्विवाद. वर्षानुवर्षे कोठारात पडून राहिलेल्या आणि नोंदणी संपलेल्या गाडीला पुन्हा कायदेशीर अस्तित्व मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पण भ्रमंतीच्या दृष्टीने दोन अडचणी उरतात.

पहिली अडचण वापराची. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे, देखभाल आणि अशा कार्यक्रमांना जाणे-येणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. नियमित किंवा व्यावसायिक वापर निषिद्ध आहे. व्यावसायिक वापरावरील बंदी समजण्यासारखी आहे, पण रविवारी पहाटे घरच्या माणसाला शेजारी बसवून वीस किलोमीटर जाऊन येणे यांपैकी कोणत्या कलमात बसते, याचे उत्तर नियमांच्या शब्दांत सापडत नाही. देखभालीसाठी गाडी चालवून पाहणे आवश्यक असते हा युक्तिवाद करता येतो. बंद उभ्या गाडीचे टायर चपटे होतात, पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरात साचतो आणि सिलिंडरला गंज धरतो, हे खरेच आहे. तरीही रस्त्यावरील पोलिसाला हा युक्तिवाद पटेलच असे नाही. साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून ज्यांनी अखंड चालू ठेवली, त्यांची स्थिती अधिक मोकळी आहे.

दुसरी अडचण स्पीडस्टरचीच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे कलम काटेकोरपणे लावले. १९२४ मध्ये टूरिंग म्हणून विकल्या गेलेल्या टी गाडीवर आज स्पीडस्टरचा बांधा चढविला, तर तो बदल ठरतो. तोच बांधा १९२८ मध्ये चढविला गेला असेल आणि तेव्हाची छायाचित्रे किंवा नोंदणीपुस्तकातील नोंद हाती असेल, तर तो गाडीच्या इतिहासाचा भाग म्हणून मांडता येतो. म्हणून भारतात स्पीडस्टर बाळगणाऱ्याला पान्यांइतकेच कागद सांभाळावे लागतात. फिवाने आपल्या तुरिनच्या सनदेत वापराच्या काळात झालेले बदलही वाहनाच्या इतिहासाचा भाग मानले आहेत. भारतीय नियमांत मात्र असा काळाचा भेद स्पष्टपणे केलेला नाही.

मार्ग, ऋतू आणि वेळ

पन्नासच्या आत चालणाऱ्या गाडीला द्रुतगती मार्ग मानवत नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर सपाटीला हलक्या वाहनांसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या प्रवाहात निम्म्याहून कमी वेगाची, दिव्यांचा मिणमिणता उजेड असलेली गाडी आणणे धोक्याचे आहे. या छंदाची जागा जुन्या रस्त्यांवर आहे आणि नवे महामार्ग झाल्याने जुने रस्ते काही अंशी मोकळे झाले, हे त्याच्या पथ्यावरच पडले आहे.

मराठवाड्याचे पठार या दृष्टीने सोयीचे आहे. कुंडलिका नदीकाठच्या जालना शहरातील मस्तगड हा निजाम-उल-मुल्कच्या काळात, १७२५ मध्ये बांधलेला किल्ला. तेथून सिंदखेड राजापर्यंतचे अंतर तीस-पस्तीस किलोमीटर आहे. मोठा घाट नाही, चढ-उतार सौम्य आहेत. टी गाडीला जाण्यास तासाभराहून किंचित अधिक वेळ लागेल, तेथे लखुजी जाधवांचा वाडा पाहता येईल आणि ऊन चढण्यापूर्वी परतताही येईल. बदनापूरमार्गे छत्रपती संभाजीनगरचा रस्ता याच्या सुमारे दुप्पट लांबीचा, आणि वाहतूक कितीतरी अधिक. पंप नसलेल्या रेडिएटरला मराठवाड्याचा चैत्र-वैशाख सोसत नाही. म्हणून कार्तिक ते माघ हा हंगाम आणि पहाट ही वेळ. टी गाडीचे दिवे मॅग्नेटोवर चालत असतील तर इंजिनाच्या वेगाप्रमाणे त्यांचा उजेड कमी-जास्त होतो. हळू झाले की अंधार. ऊसतोडीच्या दिवसांत मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर याच रस्त्यांवर असतात, त्यामुळे तिन्हीसांजेच्या आत गाडी घरी असावी.

बोर घाटातील जुना मुंबई-पुणे रस्ता हा विंटेज चालकांच्या दृष्टीने कसोटीचा मार्ग होय. खोपोलीवरून चढताना शिंगरोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे हे स्थान, अशी दंतकथा आहे. चालक तेथे थांबून नाणे टाकतात. जुन्या मोटारींच्या काळात या थांब्याला भक्तीखेरीज दुसरेही एक कारण असणार. तेथवर येईतो रेडिएटरचे पाणी उकळलेले असे. गाडी निवेपर्यंत झाकण उघडायचे नाही, हा नियम आजही तितकाच लागू आहे.

इंधन

देशात पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून विंटेज गाड्यांसमोर नवी अडचण उभी आहे. १९१० ते १९३० च्या दशकांतील अनेक कार्ब्युरेटरांत बुचाच्या लाकडाचा फ्लोट असतो आणि पेट्रोल शोषले जाऊ नये म्हणून त्यावर लाखेचा लेप दिलेला असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लाकडी सामानाला पॉलिश करणारा कारागीर स्पिरिटमध्ये लाख विरघळवतो ती याच गुणामुळे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात हा लेप हळूहळू सुटतो, बूच इंधन शोषून जड होते, फ्लोट बुडतो आणि कार्ब्युरेटर वाहू लागतो. गरम एक्झॉस्टजवळ सांडणारे पेट्रोल म्हणजे आगीला निमंत्रण. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी साचते आणि पत्र्याला आतून गंज चढतो.

यावर फ्लोट पितळी बसविणे किंवा बुचाला अल्कोहोलला दाद न देणारा आधुनिक लेप देणे, रबरी नळ्या बदलणे आणि गाडी दीर्घकाळ उभी करण्यापूर्वी टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणे हे उपाय योजले जातात. पितळी फ्लोट बाहेरून दिसत नाही आणि दोन स्क्रूंनी निघतो, म्हणून मूळ स्वरूपाचा आग्रह धरणारेही त्याला सहसा हरकत घेत नाहीत.